जनरेटर

मे महिना. तोंडवळीला, समुद्राकडच्या आगरात लग्न.
माझं मशीन गोठ्याच्या मागे लावलं,
आवाज मंगलाष्टकांत शिरू नये म्हणून
मांडवापासून साठ पावलं, मोजून.
करार सोपा : वीज गेली तर मी.
नाही गेली तर मी तिथे नाहीच.

बाकीच्यांची कामं दिसतात.
बबन धुरीचा मांडव पहाटेलाच उभा,
खारं वारं कापडात भरून शिडासारखा फुगलेला,
आणि बबन एकेका गाठीला हात लावत फिरत होता,
ताप बघतात तसा.
कणकवलीच्या तेंडोलकरबाईंच्या चार चुली,
काळ्या वाटाण्यांची उसळ, वडे, सोलकढीचं पिंप सावलीत.
"पाणी माज्याकडे नाय हां," त्यांनी आल्याआल्याच सांगितलं,
"पाणी यजमानाचा."

यजमान मोहन गांवकर. त्यांच्या खिशात
शाळेच्या वहीचं एक पान :
कुणाचं काय, आगाऊ किती, बाकी किती.
सनईवाल्यांपुढे 'चहा दोनदा' असंसुद्धा.
फुलवाला बेळगावचा. रात्रीच हार टांगून,
पाणी शिंपडून परत गेला.
सुकणं त्याच्याकडे नव्हतं.

मुहूर्त अकरा त्रेचाळीस.
अकरा पस्तीसला भटजींनी हात पुढे केला :
अंतरपाट?

सनई आपली चालूच.
भटजी म्हणाले, मंत्र माझे, कापड तुमचं.
नवऱ्याची मामी म्हणाली, आमच्यात मुलीकडचे आणतात.
मुलीची मामी म्हणाली, आमच्यात भटजीच आणतात.
तेंडोलकरबाई म्हणाल्या, माझ्याकडे एक फडकं आहे,
पण त्यातून सकाळीच नारळाचा रस गाळलाय.
फोटोवाल्या इनासने कॅमेरा खाली घेतला,
तेव्हा सगळ्यांना कळलं की खरंच अडलंय.
गांवकरांनी पान सरळ वाचलं, मागून वाचलं.
आंबे तीन पेट्या होतं. सुपाऱ्या होत्या.
घोड्याला चंदी होती, आणि घोडा तर
त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच रद्द केला होता.

बबन शिडी घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं.
चढला, बोहल्याच्या बरोबर वरची पट्टी सोडली.
सगळ्या मांडवात तेवढी एकच पांढरी,
बाकी गुलाबी.
खाली आणून झटकली. एका कोपऱ्यात खिळ्याचा गंज.
मुलीच्या आत्याने मधोमध काढायचं सोडून
स्वस्तिक त्या गंजावरच काढलं.

आता मांडवाला वर खिडकी पडली होती.
तिच्यातून ऊन सरळ खाली,
दोघांच्या डोक्यांवर, सारखंच,
मुंडावळ्यांवर, भटजींच्या टकलावर.
"लाईट कमी कर रे, सगळं पांढरं येतंय!"
इनास ओरडला सवयीने,
आणि दीडशे माणसांनी वळून
माझ्याकडे बघितलं.
त्या दिवशी माझी आठवण झाली ती तेवढीच.
मी म्हणालो, "ती माजी नाय."

संध्याकाळी ओट्यावर हिशोब.
बबनच्या बिलात कनाती, खुर्च्या, दोन फुटलेले बल्ब.
पट्टी नव्हती.
मी पुढे झालो तसे गांवकर म्हणाले,
"वीज काय गेली नाय रे."
"नाय गेली."
मशीनमध्ये डिझेल काठोकाठ,
झाकणावर हात ठेवला तर थंड,
आणि मी पहाटे चारपासून जेवायलाही
आळीपाळीने गेलो होतो, एकटाच असून.
हे कसं सांगायचं, तेच सुचेना.
ते माझ्याकडे बघत राहिले. मग नोटा मोजल्या,
शेवटची दोनदा. पूर्ण दिले.
पानाच्या तळाशी पेनाने 'अंतरपाट' लिहिलं,
धाकटीच्या लग्नासाठी असणार,
आणि पुढे नाव घालायची जागा
तशीच ठेवली.

परवा मुणग्याला दुसरं लग्न, परत आम्हीच.
वर बघितलं. पट्टी आपल्या जागेवर होती.
धुतलेली; कोपऱ्यातलं कुंकू उतरून
फिकट गुलाबी झालेलं,
आजूबाजूच्या गुलाबीत जवळजवळ खपून गेलेलं.
नवरी खाली उभी होती, तिला काय माहीत.

एक वाजता, दुसऱ्या पंगतीला, वीज गेली.